पाच वर्षांचं पाणी एकदम: शेरिडन-६ चं प्रकरण

शेतीच्या पाण्यावर संशोधन करायचं म्हटलं की विषय ढिगाने सापडतात. अडतं ते आकड्यांपाशी. किती पाणी उपसलं हेच जिथे कोणी मोजत नाही, तिथे अमुक तंत्राने तमुक टक्के बचत झाली या विधानाला टेकू कशाचा द्यायचा? संशोधन केंद्राच्या आवारातल्या दोन गुंठ्यांवरची चाचणी एक सांगते, आणि शेकडो बोअर एकाच जलधरातून, म्हणजे जमिनीखालच्या पाणी साठवणाऱ्या थरातून, रात्रंदिवस चालू असतात तेव्हा भलतंच घडतं.

म्हणून इथे एकच प्रकरण घेतलं आहे: अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या वायव्य भागातलं शेरिडन-६. तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या उपशावर स्वतःच मर्यादा घालून घेतली, ती पाळली, आणि वर्षागणिक नोंदी असल्यामुळे तिचा परिणाम तपासताही आला. ही गोष्ट यशकथा म्हणून बऱ्याचदा सांगितली जाते. मला तिच्यातला न सुटलेला भाग जास्त मोलाचा वाटतो, कारण पुढची दहा-वीस वर्षं पुरेल इतकं संशोधन तिथे पडून आहे.

जागा आणि पेच

शेरिडन-६ म्हणजे शेरिडन आणि थॉमस या दोन काउंट्यांत पसरलेला ९९ चौरस मैलांचा, म्हणजे सुमारे २५६ चौरस किलोमीटरचा सपाट पट्टा. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास. बागायतीला पाणी देणारं धरण नाही की कालवा नाही. मका, सोयाबीन, गहू, ज्वारी जे काही भिजतं ते जमिनीखालच्या पाण्यावर. हे पाणी ओगलाला जलधरातलं. रॉकी पर्वतातून वाहून आलेल्या वाळू-गोट्यांच्या थरांत साठलेला हा जलधर आठ राज्यांखाली पसरला आहे, आणि अमेरिकेत सिंचनासाठी जेवढं भूजल उपसलं जातं त्यातला साधारण तीस टक्के वाटा या एका साठ्याचा आहे.

पश्चिम कॅन्ससमध्ये पावसातून होणारं पुनर्भरण फारच तुटपुंजं, बहुतेक ठिकाणी वर्षाला इंचभरसुद्धा नाही. सेंटर पिव्होट आले, म्हणजे मध्याभोवती गोल फिरत पिकावर पाणी फवारणाऱ्या लांब नळ्या, खोल बोअरवर ताकदवान पंप बसले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पातळी सतत खाली जात राहिली. डेव्हिड स्टुअर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, कॅन्ससखालच्या या जलधरातलं ३० टक्के पाणी तोवर उपसून झालं होतं आणि रीत बदलली नाही तर पुढच्या पन्नास वर्षांत आणखी ३९ टक्के जाणार होतं.

पाणी घटतंय हे कळत नव्हतं असं नाही. पेच कायद्याचा होता. कॅन्ससच्या १९४५ च्या कायद्यानुसार पाण्याचा हक्क ज्येष्ठतेने ठरतो: ज्याचा परवाना आधीचा, त्याचा हक्क वरचा. टंचाईत हा नियम अक्षरशः लावला तर नव्या हक्कांचे पंप पूर्ण बंद आणि जुन्या हक्कांचे पूर्ण चालू. शेजारीपाजारी, कधी तर एकाच घरातल्या दोन बोअरवर दोन वेगळे न्याय. शिवाय सबळ कारणाशिवाय सलग पाच वर्षं पाणी वापरलं नाही तर हक्क रद्द होऊ शकतो, म्हणजे काटकसर करणाऱ्याच्याच पोटात गोळा. दुसरा मार्ग १९७८ पासून उपलब्ध होता. एखादं क्षेत्र नियंत्रित जाहीर करून राज्याच्या मुख्य अभियंत्याने कपात ठरवायची. पण एकदा प्रकरण त्याच्या टेबलावर गेलं की तो किती कापेल, याची शाश्वती स्थानिकांना नव्हती.

यातून वाट काढली ती २०१२ मध्ये झालेल्या एका दुरुस्तीने. भूजलाचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक संस्थेने, म्हणजे भूजल व्यवस्थापन जिल्ह्याने, आराखडा करायचा, जाहीर सुनावण्या व्हायच्या, आणि मुख्य अभियंत्याने तो मान्य करायचा किंवा परत पाठवायचा. स्वतःच्या मनाची कपात त्यात घुसडायची नाही. मान्य झाला की मात्र तो कायद्याइतकाच बंधनकारक. म्हणजे स्वयंस्फूर्त आवाहन आणि सरकारी फर्मान यांच्यामधली जागा. कोल्बी गावात कार्यालय असलेल्या चौथ्या क्रमांकाच्या भूजल जिल्ह्याने पहिला आराखडा केला तो शेरिडन-६ चा. मुख्य अभियंता डेव्हिड बारफील्ड यांनी तो मंजूर केला आणि २०१३ च्या हंगामापासून तो लागू झाला.

करार काय होता

बागायतीच्या दर एकरामागे पाच वर्षांत ५५ इंच पाणी. बस्स.

एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे १ लाख ३ हजार लिटर, तेव्हा ५५ इंच म्हणजे पाच वर्षांत एकरी साडेछप्पन्न लाख लिटर. वर्षाला सरासरी ११ इंच. आधीच्या वापरापेक्षा वीस टक्के कमी, असं उद्दिष्ट होतं. संपूर्ण पट्ट्यासाठी पाच वर्षांची कमाल मर्यादा १ लाख १४ हजार एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जागेत फूटभर उभं राहील एवढं पाणी) ठेवली होती, आपल्या परिचयाच्या मापात जवळपास ५ टीएमसी.

या मांडणीत दोन गोष्टी हुशारीच्या होत्या. पहिली, हक्क जुना असो की नवा, एकरी वाटा सारखा. ज्येष्ठतेचा कायदा रद्द झाला नाही, पण या पट्ट्यापुरता तो सगळ्यांच्या संमतीने बाजूला राहिला. दुसरी, खातं वार्षिक नव्हतं. कोरड्या साली १६ इंच द्या, ओल्या साली ७ द्या, पाच वर्षांची बेरीज जुळवा. शेतकऱ्याला भीती असते ती ऐन जुलैमध्ये कोटा संपण्याची. पाच वर्षांच्या खात्याने ती भीती बरीच कमी केली आणि वर एक नवी सवय लावली: यंदा पाऊस बरा झाला तर पाणी पुढच्या दुष्काळासाठी राखून ठेवायचं. काही मर्यादेपर्यंत शिल्लक पुढच्या पाच वर्षांत नेण्याची सोयही नंतर झाली.

कोणतं पीक घ्यायचं, कोणतं यंत्र बसवायचं, यावर नियम एका अक्षरानेही बोलत नव्हता. माझ्या मते कराराचा सगळ्यात मजबूत भाग हाच. अवजाराला अनुदान द्यायचं आणि पाणी वाचेल अशी आशा करायची, या उलट्या क्रमाचा अनुभव कॅन्ससने आधी घेतला होता. लिसा फायफर आणि सिंथिया लिन यांचा २०१४ चा अभ्यास याच राज्याचा आहे: पिव्होटचे फवारे खाली, पिकाजवळ आणणाऱ्या कार्यक्षम नोझलसाठी सरकारने पैसे दिले, शेतकऱ्यांनी ते बसवले, आणि उपसा घटण्याऐवजी वाढला. कार्यक्षमतेने प्रत्येक इंच जास्त फळाला आला, म्हणून आणखी इंच देणं परवडू लागलं. वरून मर्यादा नसेल तर वाचलेलं पाणी जलधरात राहत नाही, दुसऱ्या पिकात जातं.

जुलैमधला पिव्होट

पाणी नेमकं कुठे वाया जात होतं हे समजायला एका शेताचा हिशेब पुरतो. एक पिव्होट साधारण १२५ एकरांचं वर्तुळ भिजवतो. बोअर सेकंदाला २५ लिटर देत असेल, तर त्या वर्तुळावर एक इंच पाणी बसायला जवळजवळ सहा दिवस लागतात. जुलैत मक्याला तुरा येतो, कणसं धरतात, तेव्हा पीक दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी पितं. सहा दिवसांत पावणेदोन इंच गेलं आणि पिव्होटने दिलं एक इंच. बाकीचं जमिनीतल्या ओलीतून.

म्हणजे अशक्त बोअरवाला शेतकरी जुलैत मागे पडणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. मग तो काय करतो? पेरणीआधीच भिजवून घेतो, मे-जूनमध्ये गरज नसताना पिव्होट फिरवत ठेवतो, आणि ऑगस्टअखेर दाणे भरत आले तरी बंद करायला हात धजावत नाही. प्रत्येक टप्प्यावरचं जादा पाणी म्हणजे त्याचा विमा. जमिनीतली ओल मोजणारे संवेदक लावल्यावर कळतं की तीन-चार फुटांच्या थरात पुरेशी ओल आहे, फेरी आठवडाभर पुढे ढकलली तरी चालते. संवेदक आधीही बाजारात होते. ५५ इंचांचा हिशेब डोक्यावर आल्यावर ते वाचायची निकड आली.

संशोधनाच्या दृष्टीने यातली मेख अशी की बोअरची ताकद आणि पाण्याची उधळपट्टी यांचं नातं सरळ नाही. पातळी खाली गेली की बोअर कमी पाणी देते, मग आपोआप कपात होईल असं वाटतं. पण दुबळी बोअर लवकर सुरू होते आणि उशिरा थांबते. कोणत्या क्षमतेखाली हे वागणं सुरू होतं आणि मर्यादा आल्यावर ते किती बदलतं, हे बोअरनिहाय मांडून पाहण्यासारखं आहे.

निकाल, आणि निकालांतली तफावत

पहिल्या काही वर्षांचा हिशेब तीन वेगवेगळ्या चष्म्यांतून झाला.

कॅन्सस स्टेट विद्यापीठाचे कृषी अर्थतज्ज्ञ बिल गोल्डन यांनी पट्ट्याच्या आतले आणि लगतचे शेतकरी ताडून पाहिले. त्यांच्या तुलनेत आतल्या मका उत्पादकांनी सुमारे २३ टक्के कमी पाणी वापरलं, उत्पादन जेमतेम एक टक्क्याने घटलं आणि हातात राहणारा पैसा सुमारे चार टक्क्यांनी वाढला. पंपाचं इंधन, बियाणं, खत यांचा खर्च उतरला तो घटलेल्या उत्पादनापेक्षा जास्त होता. सुनावण्यांमध्ये आणि शेजारच्या जिल्ह्यांत हाच आकडा सर्वाधिक फिरला. पण तो काही शेतकऱ्यांनी स्वखुशीने दिलेल्या नोंदींवर उभा आहे, आणि ज्याचं वर्ष चांगलं गेलं तो वही दाखवायला जास्त उत्सुक असतो. गोल्डन यांचं काम त्यामुळे बाद होत नाही, मात्र त्या आकड्यावर धोरण रचण्याआधी दुसरा पुरावा हवा.

दुसरा पुरावा क्रिस्टल ड्रायसडेल आणि नेथन हेंड्रिक्स यांनी २०१८ मध्ये दिला. त्यांनी मीटरच्या नोंदी घेतल्या आणि सीमेच्या आतल्या व बाहेरच्या बोअरींची नियमाआधीची आणि नंतरची वर्षं ताडली. घट निघाली २६ टक्के. तिच्यातला बहुतेक भाग त्याच पिकाला त्याच शेतात कमी पाणी देण्यातून आला. बागायत क्षेत्र घटवणं किंवा पीक बदलणं यांचा वाटा छोटा.

तिसरा अभ्यास जिलियन डाइन्स आणि सहकाऱ्यांचा, २०१९ चा. त्यांनी लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमांवरून कोणतं शेत कोणत्या वर्षी भिजवलं याचे नकाशे तयार केले, आणि नियम झालाच नसता तर उपसा किती राहिला असता याचा सांख्यिकी अंदाज बांधून प्रत्यक्षाशी तुलना केली. घट ३१ टक्के. तिच्यातला ७२ टक्के वाटा पाणी काटेकोर देण्याचा, १९ टक्के कमी पाण्याच्या पिकांकडे वळण्याचा.

२३, २६, ३१. आकडे एकमेकांच्या जवळ आहेत, दिशा एक आहे, ही समाधानाची बाब. पण पीकबदलाच्या मुद्द्यावर दुसरा आणि तिसरा अभ्यास एक सूर लावत नाहीत. कारण शोधायचं तर आधी दोघांच्या तुलनेचे पट्टे आणि वर्षं तपासावी लागतील. पहिल्या एक-दोन वर्षांत शेतकरी फक्त पाणी आवरतो आणि खात्यावर विश्वास बसल्यावर पीक बदलतो, असंही असेल. ही शक्यता तपासायला सगळा कच्चा माल तिथे आहे, आणि एखाद्या पदव्युत्तर प्रबंधाला हा विषय नेमका मापाचा आहे.

आणखी एक गुंता आहे, ज्याकडे यशकथा सांगणारे पटकन पाठ फिरवतात. करार २०१३ मध्ये लागू झाला. २०१२ हे भीषण दुष्काळाचं वर्ष होतं, तेव्हा उपसा वाढलेला होता. आणि मक्याचे चढे भाव २०१३ नंतर कोसळले. दुष्काळाचा शेवट आणि भावाची घसरण, दोन्ही उपसा कमी करणारे. शेजारच्या पट्ट्याशी तुलना केल्याने हा परिणाम बराचसा वजा होतो, कारण पाऊस आणि बाजार दोघांनाही सारखे. वजा होत नाही ते वेगळंच: शेरिडन-६ च्या लोकांनी हा नियम स्वतः मागून घेतला होता. जो समाज आपणहून कपात मागतो तो शेजाऱ्यांसारखा असतोच असं नाही. त्यामुळे हाच नियम नाखूश जिल्ह्यावर लादला तर २६ टक्के घट येईल, असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

उद्दिष्ट वीस टक्क्यांचं होतं आणि घट त्याहून बरीच जास्त झाली, हेही कोड्यात टाकणारं आहे. लोकांनी दिलेला कोटा पूर्ण वापरला नाही. पुढच्या दुष्काळासाठी राखलं की कमी पाण्यातही भागतं हे कळल्यावर गरजच उरली नाही? पहिलं खरं असेल तर राखलेलं पाणी एखाद्या वाईट साली एकदम बाहेर निघेल. दुसरं खरं असेल तर कोटा आणखी उतरवता येईल. दोन्हींचे धोरणात्मक अर्थ अगदी विरुद्ध आहेत, आणि पाच-पाच वर्षांच्या लागोपाठच्या खात्यांत शेतकरी शिल्लक कशी खर्च करतो हे पाहिल्याशिवाय उलगडा होणार नाही.

खडू लावलेली फीत

हे सगळं शक्य झालं ते दोन नीरस वाटणाऱ्या कामांमुळे.

पश्चिम कॅन्ससच्या बहुतेक सिंचन बोअरींवर मीटर आहेत आणि प्रत्येक हक्कधारकाला मागच्या वर्षीचा वापर १ मार्चपर्यंत राज्याला कळवावा लागतो. न कळवणं, खोटं कळवणं दंडनीय. या नोंदी सार्वजनिक आहेत. कोणत्या हक्कावर कोणत्या साली किती पाणी, हे कोणीही पाहू शकतं.

दुसरं काम दर जानेवारीचं. राज्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची आणि जलसंपदा विभागाची पथकं साधारण १,४०० विहिरींची पातळी मोजतात. खडू लावलेली पोलादी फीत विहिरीत सोडायची, वर ओढायची आणि खडू जिथवर ओला झाला तो आकडा वाचायचा. जानेवारीतच का, तर पंप बंद होऊन काही महिने झालेले असतात आणि उन्हाळ्यात खचलेली पातळी सावरलेली असते. याखेरीज २००७ पासून थॉमस, स्कॉट आणि हॅस्केल काउंट्यांत प्रत्येकी एका निर्देशक विहिरीत पातळी अखंड नोंदवली जाऊ लागली, आणि पुढे अशा विहिरींची संख्या वाढत गेली.

जिम बटलर आणि त्यांच्या सर्वेक्षणातल्या सहकाऱ्यांनी या दोन नोंदवह्या एकत्र केल्या आणि २०१६ मध्ये एक साधीसुधी पद्धत मांडली. आडव्या अक्षावर त्या पट्ट्याचा वर्षाचा उपसा, उभ्या अक्षावर त्या वर्षी पातळीत झालेला सरासरी बदल. प्रत्येक वर्षाचा एक ठिपका. ठिपके बऱ्यापैकी सरळ रेषेत बसतात, आणि ती रेषा ज्या उपशापाशी शून्य बदलाला छेदते, तेवढा उपसा केला तर पातळी निदान काही काळ स्थिर राहते. भलं मोठं संगणकीय प्रारूप नाही की शेकडो गृहीतकं नाहीत. आलेख वहीच्या पानावर काढता येतो. वायव्य कॅन्ससमध्ये बावीस टक्क्यांच्या आसपास कपात केली तरी पातळी स्थिरावू शकेल असं या पद्धतीने दिसलं, आणि 'आता काय, सगळं संपल्यातच जमा' म्हणणाऱ्यांना तो आकडा अनपेक्षित होता.

पाणी येतं कुठून?

इथे प्रकरणाची खरी गाठ आहे.

मघाचा हिशेब पुन्हा घेऊ. ९९ चौरस मैल म्हणजे ६३ हजार एकरांहून थोडं जास्त. वर्षाची सरासरी मर्यादा २२,८०० एकर-फूट. हे पाणी सबंध पट्ट्यावर पसरलं तर जवळजवळ सव्वाचार इंच होतं. पावसाचं पुनर्भरण इंचाच्या आत. प्रत्यक्ष उपसा मर्यादेपेक्षा कमी होता आणि पातळीची घसरण थांबली नव्हती, मंदावली होती, हे धरलं तरी ताळा बसत नाही. पावसाखेरीज आणखी कुठून तरी पाणी येतंय.

उमेदवार तीन. शेजारच्या भागातून आडवं वाहत येणारं पाणी. पातळी खाली गेल्यावर वरच्या ओल्या राहिलेल्या थरांतून सावकाश निथळणारं पाणी. आणि शेतात जादा दिलेलं पाणी, जे मुळांखालून झिरपत पुन्हा जलधराला मिळतं. या तिसऱ्यानेच गोची केली आहे. कारण जमीन आणि पाण्याची पातळी यांच्यात इथे दहा-दहा मीटरांचे कित्येक थर आहेत; झिरपणाऱ्या पाण्याला खाली पोचायला दशकं लागू शकतात. आज जलधरात जे पडतंय त्यातलं काही पाणी १९८०-९० च्या काळात, फवारे उंच होते आणि हात सैल होता तेव्हा दिलेलं असेल.

आता २०१३ पासून शेतकरी काटेकोर झाले. मुळांखाली जाणारं पाणी घटलं. उपसा लगेच कमी झाला म्हणून पातळीची घसरण लगेच मंदावली. पण आवक कमी होण्याचा परिणाम खाली पोचायला वेळ आहे. म्हणजे वरचा फायदा आज दिसतो आणि खालचा तोटा उद्या. तसं असेल तर बटलर यांच्या आलेखातली रेषा हळूहळू सरकत जाईल आणि आज पुरेशी वाटणारी कपात उद्या अपुरी ठरेल. सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनीही आवक स्थिर राहील असं कायमचं गृहीत धरलेलं नाही; दर काही वर्षांनी रेषा नव्याने काढावी लागेल हे त्यांच्या मांडणीतच आहे.

किती वर्षांनी? याचं उत्तर खोदून मिळवावं लागेल. असंपृक्त थरांचे, म्हणजे पाण्याच्या पातळीच्या वरच्या थरांचे, उभे नळीसारखे नमुने (गाभे) काढून त्यातला क्लोराइड आणि नायट्रेट तपासला तर पाणी किती वेगाने उतरतंय याचा अंदाज येतो, कारण शेतातलं खत पाण्याबरोबर खाली जाताना आपली खूण सोडत जातं. पिव्होटच्या वर्तुळात आणि वर्तुळाबाहेरच्या कोपऱ्यात असे गाभे शेजारी-शेजारी घेतले, तर एकाच मातीत भिजलेल्या आणि कोरडवाहू जमिनीची थेट तुलना होते. त्या कोरड्या कोपऱ्यांनी तुलनेची अर्धी सोय आयतीच करून ठेवली आहे. काम महाग आहे, वेळखाऊ आहे, झटपट शोधनिबंध देणारं नाही. तरी मला विचाराल तर शेरिडन-६ वर पुढचा पैसा आधी इथे लागायला हवा.

मीटर नसलेल्यांसाठी

जगातल्या बहुतेक सिंचन विहिरींवर मीटर नाही. तिथे उपसा कसा मोजणार? आजकाल उत्तर उपग्रहाकडे मागितलं जातं: पिकातून किती बाष्पोत्सर्जन झालं ते आकाशातून काढा, पाऊस वजा करा, उरलं ते सिंचन. अमेरिकेत २०२१ मध्ये सुरू झालेला ओपनईटी हा मंच शेतागणिक असे अंदाज देतो.

ऐकायला सोपं वाटतं. सॅम झिपर आणि सहकाऱ्यांनी हे गणित शेरिडन-६ मध्येच, मीटरच्या नोंदींसमोर धरून पाहिलं आणि २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले. पूर्ण पट्ट्याची, काही वर्षांची सरासरी घेतली तर उपग्रहाचा अंदाज बराच जुळतो. एका शेताचा एका वर्षाचा आकडा मागितला की डळमळतो. पावसातलं किती पाणी मातीत मुरलं, आदल्या वर्षीची ओल किती शिल्लक होती, कोणत्या बोअरचं पाणी नेमकं कोणत्या शेतात गेलं, या सगळ्या चुका त्या एका वजाबाकीत गोळा होतात.

उपग्रहाच्या आकड्यावरून एखाद्या शेतकऱ्याला दंड ठोठावण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर हा अभ्यास त्याने आधी वाचावा. पण पट्ट्याचा कोटा पाळला गेला की नाही, एवढंच ठरवायचं असेल तर मीटरशिवायही बहुधा भागेल. पाच वर्षांचं खातं इथे अनपेक्षितपणे कामी येतं: एका सालातली चूक दुसऱ्या सालात काही अंशी भरून निघते. किती मोठा पट्टा आणि किती वर्षं घेतली म्हणजे अंदाज नियम लावण्याइतका भरवशाचा होतो, ही सीमारेषा अजून वेगवेगळ्या हवामानांत, छोट्या तुकड्यांच्या शेतीत, मिश्र पिकांत काढायची आहे. चौकोनी जमिनीतली मोठी वर्तुळं उपग्रहाला सोपी जातात. दोन एकरांत चार पिकं असली की कस लागतो.

पसरताना काय झालं

शेरिडन-६ चं खातं २०१८ ते २०२२ साठी पुन्हा मंजूर झालं, आणि त्यानंतर २०२३ ते २०२७ साठीही. चौथ्या जिल्ह्याने २०१८ मध्ये आपल्या सबंध क्षेत्रासाठी आराखडा आणला. जिथे पातळी वेगाने घटत होती तिथे कपात, जिथे स्थिर तिथे जवळजवळ नाही. त्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं. ज्येष्ठ हक्काचं काय, हा जुनाच प्रश्न पुढे आला. शेरिडन-६ मध्ये तो टळला होता कारण सगळे तयार होते. मोठ्या क्षेत्रावर सगळे कधीच तयार नसतात. आराखडा टिकला, पण छोट्या गटाची सहमती मोठ्या क्षेत्रात कुठे तुटते, हा राज्यशास्त्र आणि कायद्याच्या अभ्यासकांचा विषय अभियंत्यांच्या गर्दीत दुर्लक्षित राहिला आहे. सुनावण्यांचं कामकाज नोंदलेलं आहे. त्यातून कोण काय बोललं, कोणाचं मत कधी फिरलं, हे धुंडाळता येतं.

२०२३ मध्ये कॅन्ससच्या विधिमंडळाने भूजल जिल्ह्यांना आणखी पुढे ढकललं: काळजीची क्षेत्रं ठरवा आणि १ जुलै २०२६ पर्यंत कृती आराखडे सादर करा. शेरिडन-६ मध्ये जे मागून घेतलं होतं ते आता अंशतः वरून आलं आहे. तेव्हा मघाचा प्रश्न, म्हणजे स्वेच्छेने आलेल्या गटाचे आकडे इतरांना लागू पडतात का, प्रत्यक्ष तपासायची सोय झाली. आराखडे लागू होण्याआधीच्या वर्षांच्या मीटर-नोंदी, पीक-नकाशे आणि जानेवारीच्या पातळ्या आत्ताच एकत्र लावून ठेवणाऱ्याला पुढे तुलनेसाठी पाया मिळेल. शेरिडन-६ चं तिसरं खातं २०२७ अखेर बंद होतं, आणि त्यानंतरच्या मार्चमध्ये शेवटच्या वर्षाचे आकडे जमा होतील. तेव्हा पंधरा वर्षांचे ठिपके असलेला आलेख काढता येईल आणि रेषा सरकली आहे का, ते पाहता येईल.